चालणाऱ्याचं ओझं

भीमपूरच्या एका निवृत्त हवालदारांना बंदुकीबद्दल काही विचारलं, की ते पायांबद्दल बोलायला लागतात. निमलष्करी दलातली त्यांची बहुतेक नोकरी गडचिरोली आणि बस्तरच्या जंगलांत गेली. तिथे गोळीबार झाला तो काही मिनिटांचा, तोही क्वचित. चालणं मात्र रोजचं. त्यामुळे भरलेली मॅगझिनं अंगावर कुठे आणि कशी ठेवायची, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर चालण्यातून येतं. पाऊच शिवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गोळी झाडणारा जवान असतो, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात पाऊच घालणारा गडी दिवसभर नाले ओलांडत असतो, बांबूच्या बेटांतून वाकून जात असतो, झाडाखाली बसून वरणभात खात असतो. गोळी झाडायची वेळ आलीच तर ती या सगळ्याच्या मधे कुठेतरी येते, आधी न सांगता.

भीमपूर पैनगंगेच्या अल्याड. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. २०१६च्या ऑक्टोबरात तेलंगणाने जिल्ह्यांची फेररचना केली, आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हा भीमपूर वेगळं मंडळ झालं. शेतात कापूस, सोयाबीन, तूर. सोयरीक नदीच्या दोन्ही काठांना. घरात मराठी, मंडळ कार्यालयात तेलुगू, बाजारात दोन्ही आणि जोडीला गोंडी. टिपेश्वरच्या अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून इकडे येतात, तेव्हा त्यांना राज्याची सीमा कळत नाही, हा इथला जुना विनोद. अशा गावातून भरती झालेल्या माणसाला तीन भाषा येतात. गडचिरोलीत नेमणूक झाली, की दुभाष्या म्हणून त्याला गस्तीच्या पार्टीत पुढे चालावं लागतं. पुढे चालणाऱ्याला अंगावरची प्रत्येक वस्तू आवाज करते की नाही, याची काळजी मागच्यांपेक्षा जास्त.

सध्या गावातली काही पोरं स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या जीडी कॉन्स्टेबल भरतीची तयारी करतात. २०२४पासून ही परीक्षा मराठी आणि तेलुगूतूनही देता येते, त्यामुळे उत्साह वाढला आहे. शारीरिक चाचणीत पाच किलोमीटर २४ मिनिटांत पळावं लागतं. म्हणून पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात आणि संध्याकाळी मोबाइलवर कमांडोंचे व्हिडिओ बघतात. त्या व्हिडिओंमधले जवान छातीवर मॅगझिनांची रांग लावून उभे असतात. एकही चालताना दिसत नाही.

हवालदारांनी यावर एक उपाय काढला. घरात बंदूक नाही, मॅगझिन नाही, रिकामं काडतूसही नाही. नोकरी संपताना सगळं मोजून जमा केलेलं. मग त्यांनी घराच्या बांधकामातून उरलेल्या फरशीचे तुकडे घेतले, ते तव्यासारख्या सपाट थरांत एकावर एक बांधले आणि किराणा दुकानाच्या काट्यावर प्रत्येक जुडगा आठशे ग्रॅमचा केला. गावातल्या टेलरकडून जुन्या ताडपत्रीचे पाऊच शिवून घेतले. त्यांच्या भाच्याने पहिल्यांदा ते छातीवर बांधले आणि सवयीने पळायला लागला. चार पावलांत फरशा हनुवटीपर्यंत उडायला लागल्या.

“पळू नोको,” मामा म्हणाले. “आधी चालून दाखव. मंग बस. मंग पालथा पड. दुखते कुठं ते सांग.”

आठशे ग्रॅम हा आकडा हवेतला नाही. एके-४७च्या ७.६२ गुणिले ३९ मिलिमीटर काडतुसाचं वजन सोळा ग्रॅमच्या आसपास. तीस काडतुसांचं जवळपास अर्धा किलो, आणि पोलादी मॅगझिनचं स्वतःचं तीनशे ग्रॅमच्या वर. अशी पाच मॅगझिनं म्हणजे चार किलो. रायफल वेगळी, पाणी वेगळं, पाठीवरच्या पिट्टूतला शिधा, प्लास्टिकची शीट, बॅटऱ्या, मलमपट्टी वेगळी. जुन्या एसएलआर रायफलचं काडतूस आणखी दांडगं, चोवीस ग्रॅमचं. तिच्या मॅगझिनमध्ये वीसच मावतात. इन्सास रायफलचं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस त्याच्या निम्म्या वजनाचं. शंभर गोळ्या घ्यायच्या तर नुसत्या काडतुसांचं वजन एसएलआरला दोन किलो चारशे, एके-४७ला एक किलो सहाशे, इन्सासला एक किलो दोनशे ग्रॅम पडतं. जगभरच्या फौजा हळूहळू लहान काडतुसाकडे वळल्या त्यामागे अनेक कारणं होती. चालणाऱ्याच्या खांद्यांना त्यातलं हे एक पुरेसं वाटतं.

ही काडतुसं येतात कुठून, हा प्रश्न पोरांना पडत नाही. आपल्याकडे त्याचं उत्तर जवळ आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. भुसावळजवळ वरणगावचा कारखाना १९६४चा, आणि लहान शस्त्रांची काडतुसं हे त्याचं मुख्य काम. खानदेशातल्या कित्येक घरांत वडिलांनी ‘फॅक्टरीत’ नोकरी केली म्हणजे याच कारखान्यात. वरणगावात भरलेलं काडतूस भामरागडच्या नाल्यात एखाद्या जवानाच्या पाऊचमध्ये भिजतं. मधली साखळी कागदावर असते आणि तिच्यात एक गोळीही इकडची तिकडे होऊन चालत नाही.

पूर्वी मॅगझिन वाहायचा प्रश्नच नव्हता. ठासणीच्या बंदुकीला, गडचिरोलीत जिला अजून भरमार म्हणतात तिला, दारू आणि छर्रे वेगवेगळे लागायचे. नंतर आलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलला दहा गोळ्यांचं मॅगझिन होतं, पण ते बहुधा रायफललाच राहायचं; वरून पाच-पाच गोळ्यांच्या चार्जर क्लिपने भरायचं. म्हणून त्या काळचं वाहण्याचं साधन म्हणजे कापडी बँडोलियर: पाच कप्पे, प्रत्येकात दोन क्लिप, एकूण पन्नास गोळ्या, आणि तो गळ्यातून तिरका घालायचा. ब्रिटिशांच्या १९०८च्या विणलेल्या सुती पट्ट्यावर दहा छोटे पाऊच असायचे, दीडशे गोळ्यांचे. वजन कमरेभोवती सारखं वाटलेलं. काही जुन्या हवालदारांना अजून वाटतं की त्याच्याइतकी बरी व्यवस्था पुन्हा झाली नाही. भीमपूरच्या हवालदारांना वाटतं, की त्या लोकांना नाले ओलांडायचे नव्हते, खंदकात बसायचं होतं. इथे दोघांपैकी कोण बरोबर, हे पावसाळा ठरवतो.

चित्र बदललं ब्रेन या हलक्या मशीनगनने. सेक्शनमागे एक ब्रेन असायची आणि तिची वाकडी, जड मॅगझिनं एकट्या गनरने वाहणं अशक्य होतं. म्हणून १९३७च्या पट्ट्याचे दोन मोठे पाऊच मुद्दाम त्या मॅगझिनांच्या मापाचे शिवले गेले, आणि सेक्शनमधला प्रत्येक रायफलवाला आपल्या गोळ्यांबरोबर ब्रेनचीही मॅगझिनं वाहू लागला. आपण वाहायचं आणि झाडायचं दुसऱ्याने, ही गोष्ट तेव्हाचीही. आजही पार्टीत एलएमजीवाल्याची, म्हणजे हलक्या मशीनगनवाल्याची, जादा मॅगझिनं तीन-चार जणांच्या पिट्टूत वाटलेली असतात. ती कुणाकडे आहेत हे अंधारातही माहीत असावं लागतं.

मराठी माणसाला या विषयात एक नाव विसरता येत नाही. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण, गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मोर्च्यावर धावले, ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, टॉमीगनने आणखी एकाला पाडलं. उरले दोन. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, असं त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रातच नमूद आहे. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. २०२३च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावात त्यांचं स्मारक उभं राहिलं.

हवालदार ही गोष्ट पोरांना शौर्याची म्हणून सांगतात, आणि मग थांबून विचारतात: मॅगझिन बदलायला किती वेळ लागतो? पोरं म्हणतात, दोन सेकंद, व्हिडिओत बघितलंय. ते म्हणतात, उभं राहून, कोरड्या हाताने, पाऊच उघडा ठेवून, दोन. चिखलात पालथं पडलं, बटण ओलं, बोटं बधिर, आणि हाताला लागलेलं पहिलंच मॅगझिन रिकामं निघालं, तर किती?

रिकामं मॅगझिन ही खरी डोकेदुखी. प्रशिक्षणात सांगतात, संपलं की टाका आणि दुसरं लावा. वेळ वाचतो. पण जंगलात टाकलेलं मॅगझिन परत शोधायला कोण जाणार, आणि ते नक्षलवाद्यांच्या हाती लागलं तर? शिवाय परत आल्यावर कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, मोजदाद आहेच. रायफल, मॅगझिनं, राऊंड, सगळं रजिस्टरबरहुकूम. राऊंड झाडले तर त्याची नोंद, मॅगझिन हरवलं तर चौकशी, जबाब, वसुली. म्हणून बहुतेक जवान रिकामं मॅगझिन शर्टाच्या गळ्यातून आत सोडतात. पट्टा कसलेला असतो, खाली पडत नाही, आणि भरलेल्यांत मिसळत नाही. गरम पोलाद पोटाला लागतं, ते सोसायचं. आता वेगळी झोळी मिळते, कमरेच्या मागे लटकवायची, रिकाम्यांसाठीच. हवालदारांनी शेवटपर्यंत शर्टच वापरला. झोळी झुडपात अडकते, हे त्यांचं कारण. दुसरं कारण, सवय, ते उघड सांगत नाहीत.

भरलेलं मॅगझिन पाऊचमध्ये तोंड खाली करून ठेवायचं, याबद्दल मात्र दुमत नाही. तोंड वर राहिलं की धूळ, पाणी, झाडाचा कचरा सरळ काडतुसांवर. शिवाय मॅगझिनच्या तोंडाशी ज्या दोन वळलेल्या कडा असतात, ज्या काडतुसाला धरून ठेवतात, त्या दगडावर आपटून जराशा वाकल्या तरी गोळी अडकते. बूड वर असलं की हात बूड पकडतो, मॅगझिन वर खेचतो आणि मनगट वळवलं की तोंड रायफलकडे येतं. गोळ्यांची टोकं कुठल्या दिशेला असावीत, यावर प्रत्येक उस्तादाचं मत वेगळं. हवालदारांचं म्हणणं, दिशा कुठलीही घ्या, पण सगळ्या मॅगझिनांची एकच ठेवा, आणि रोज तीच. रात्री तंबूत डोळे मिटून हात पाऊचवर गेला की टोक कुठे लागेल, हे बोटांना ठाऊक पाहिजे. एखाद्या मॅगझिनची टोकं उलट्या दिशेला असतील, तर त्याचा अर्थ ठरलेला: हे अर्धं झालंय. त्यांच्या पार्टीत ही खूण सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे जोडीदारालाही ती चालायची.

दोन मॅगझिनं एकमेकांना उलटसुलट टेपने बांधायची फॅशनही त्यांनी पाहिली. सिनेमात छान दिसतं. पालथं पडल्यावर खालच्या मॅगझिनचं उघडं तोंड थेट मातीत रुततं, आणि रायफल एवढी जड होते की नेम हलतो. गावाकडच्या पोरांना हे सांगूनही पटत नाही. त्यांना तसाच फोटो हवा असतो.

मॅगझिन भरलेलं ठेवलं की स्प्रिंग मरते, ही आणखी एक पक्की समजूत. खरं असं की चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर फारशी थकत नाही. थकते ती पुन्हा पुन्हा दाबून सोडल्याने, आणि गंजाने. तरीही तीसच्या मॅगझिनमध्ये अठ्ठावीस भरायची पद्धत जुनी आहे आणि तिला आधार आहे: पूर्ण भरलेलं मॅगझिन बोल्ट बंद असताना रायफलला नीट बसत नाही, जोर लावावा लागतो, आणि घाईत अर्धवट बसलेलं मॅगझिन पहिल्या गोळीनंतर खाली पडतं. दोन गोळ्या कमी घेतल्या तर हा धोका टळतो. हवालदार अठ्ठावीस भरायचे. भरून झालं की मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा हलकेच आपटायची, काडतुसं एका रेषेत बसतात. मग वरच्या काडतुसावर अंगठा दाबून बघायचा: दाबलं गेलं आणि उसळून परत आलं तर ठीक.

भरताना अंगठ्याची वाट लागते. पहिल्या दहा गोळ्या सहज जातात, पुढे स्प्रिंग उलटी ढकलते, आणि शेवटच्या पाच-सहा वेळी नखाच्या मुळाशी काळा वण उठतो. मोहिमेच्या आदल्या रात्री बराकीत सगळे खाटांवर मांडी घालून बसलेले, मधे जमिनीवर कांबळं, त्यावर काडतुसांचे डबे, आणि खट खट असा एकसारखा आवाज. कुणी बोलत नाही असं नाही. घरच्या गप्पा, कापसाचा भाव, सगळं चालू असतं. पण मोजणी चालू असताना उस्ताद सगळ्यांना गप्प करतो. काडतुसाला तेल लावायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं. तेलाला धूळ चिकटते आणि ते मुरून आतली दारू खराब करतं. मॅगझिनला आतून तेलाचा हलका हात फिरवला तरी पुरे. घामाने मात्र पोलाद गंजतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात छातीवरच्या पाऊचमागे घाम कधी वाळत नाही. मुक्कामाला आलं की मॅगझिनं काढून पुसणं, हे जेवणाच्या आधीचं काम.

इन्सासच्या मॅगझिनची एक गंमत होती. ते धुरकट पारदर्शक प्लास्टिकचं, त्यामुळे आत किती उरल्या ते बघता यायचं. जवानांना हे आवडायचं. १९९९ला कारगिलच्या थंडीत या मॅगझिनांना तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या, त्या वर्तमानपत्रांतून गाजल्या. जंगलात थंडीचा प्रश्न नव्हता, पण दगडावर पडलं तर पोलादी मॅगझिनला पोचा जातो आणि प्लास्टिकला चीर, एवढं सगळ्यांना कळायचं. पोलादी एके मॅगझिनची मोजदाद तळहाताने करायची. नव्या माणसाला सगळी सारखीच जड लागतात. काही महिन्यांनी भरलेलं, अर्धं आणि रिकामं यांतला फरक पाऊचवर नुसती थाप मारून कळायला लागतो.

आवाज हा विषय काढला की हवालदार उठून उभे राहतात आणि चालून दाखवतात. पोलादावर पोलाद आपटलं की रात्री दूरवर ऐकू जातं. म्हणून एका कप्प्यात दोन मॅगझिनं असतील तर मधे जुन्या बनियनची पट्टी. वेल्क्रोची चर्रर त्याहून वाईट. उघडताना अख्ख्या जंगलाला कळतं. त्यापेक्षा बटण आणि इलॅस्टिकची दोरी. पावसाळ्यात मॅगझिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा मोह होतो, पण पिशवी सळसळते आणि ऐनवेळी निघत नाही. गडचिरोलीत मोहिमा पावसातही चालतात. भामरागड तर तीन नद्यांच्या संगमावर: इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा रस्ताच तुटतो. कमरेइतक्या पाण्यातून जायचं असेल तर कमरेचा पट्टा सोडून खांद्यावर घ्यावा लागतो. छातीवरचे पाऊच तेव्हा कोरडे राहतात. कमरेवरचे भिजले तर पलीकडे गेल्यावर मॅगझिन काढायचं, उलटं करून झटकायचं, परत ठेवायचं. पार्टीतल्या निम्म्यांनी हे करायचं आणि निम्म्यांनी पहारा द्यायचा.

छातीवर की कमरेवर, हा वाद कधी संपला नाही. छातीवरच्या पाऊचची मूळ कल्पना पूर्वेकडची. चिनी बनावटीची, तीन लांबट कप्प्यांची कापडी पट्टी एके मॅगझिनांच्या मापाची. व्हिएतनामच्या जंगलात ती इतकी सोयीची ठरली की पुढे सगळ्यांनी तिच्या नकला केल्या. हात कुठेही असो, मॅगझिन समोर. बसलं तरी त्रास नाही, गाडीत चढताना अडकत नाही. पण पालथं पडलं की छातीखाली मॅगझिनांची उशी होते, डोकं वर येतं, आणि गोळीबारात डोकं चार बोटं वर असणं परवडत नाही. कमरेवरचे पाऊच पालथं पडल्यावर आड येत नाहीत. चढ चढताना मांडी त्यांना थडकते. हवालदारांनी शेवटी मधला मार्ग काढला होता. दोन मॅगझिनं छातीवर पण बरगड्यांकडे सरकवून, मधला भाग मोकळा, दोन डाव्या कमरेला मागच्या बाजूला, एक रायफलवर. पिट्टूचे पट्टे पाऊचच्या पट्ट्यांवरून घ्यायचे, म्हणजे गोळीबार सुरू झाला की पिट्टू झटक्यात टाकून देता येतो आणि मॅगझिनं अंगावर राहतात.

एक मॅगझिन दोन्ही हातांना पोचेल अशा जागी हवं, हेही ते आवर्जून सांगतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्याच नामदेव जाधवांचं उदाहरण देतात. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे हे शिपाई. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. दोन जखमी साथीदारांना त्यांनी एकेक करून नदीतून आणि सुरुंगांतून मागे आणलं आणि मग एकटेच मशीनगनच्या मोर्च्यांवर गेले. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन चालवता येईना; ती टाकून ते ग्रेनेडनी लढले. जाधव जगले, व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन गावी आले. एक हात निकामी झाल्यावर अंगावरचं काय काय उपयोगी उरतं, हे प्रत्येकाने आपल्या पट्ट्यावर एकदा करून बघावं, असं हवालदार म्हणतात. पोरांना त्यांनी उजवा हात पाठीशी बांधून फरशांचे जुडगे काढायला लावले. दोघांना जमलं.

गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी सी-६० पथक हवालदारांनी जवळून पाहिलं. १९९०मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ते उभं केलं, स्थानिक पोरांना घेऊन. त्याच्या एक वर्ष आधी हैदराबादला के. एस. व्यास यांनी ग्रेहाउंड्स हे असंच पथक सुरू केलं होतं. सी-६०च्या पार्ट्या त्यांच्या कमांडरच्या नावाने ओळखल्या जातात, आणि प्रत्येक पार्टीची बांधणी थोडी वेगळी. सी-६०चा जवान त्याच जंगलात लहानाचा मोठा झालेला. तो किमान सामान घेतो, कारण पाणी कुठल्या नाल्याला असेल ते त्याला माहीत असतं. बाहेरून आलेला जवान दोन बाटल्या जादा घेतो आणि तेवढं वजन दुसरीकडून कमी करतो. एक मॅगझिन जास्त की एक लिटर पाणी जास्त? वजन जवळपास तेच. हा हिशेब कुठल्या पुस्तकात नाही. उन्हाळ्यात हवालदार पाणी घ्यायचे. फेब्रुवारी २००९मध्ये मर्केगावला पंधरा पोलीस मारले गेले, त्याच ऑक्टोबरात लाहेरीला सतरा. अशा बातम्यांनंतर काही आठवडे सगळेच पाणी कमी करून मॅगझिन वाढवायचे. मग ऊन तापायचं आणि बाटल्या परत यायच्या.

भीमपूरच्या पोरांचा सराव आता आठवड्यातून एकदा, गावाबाहेरच्या कापसाच्या शेतातून नदीकडे. डांबरावर कुणी पळत नाही त्या दिवशी. पऱ्हाट्यांच्या काड्यांत पाऊचची दोरी अडकते, मग ती आत खोचायला शिकतात. बांधावरून उडी मारली की फरशा वाजतात, मग कुणी बनियनची पट्टी शोधतो. एकाने पाऊचला आपल्या पैशांनी जास्तीचे कप्पे लावून आणले. मामांनी त्यात फरशा भरल्या आणि काही न बोलता त्याला नदीपर्यंत नेऊन आणलं. पुढच्या वेळी कप्पे उसवलेले होते.

अडचण आली ती धाकट्या पोराची. तो डावखुरा. रायफल डाव्या खांद्याला लावली तर मॅगझिन उजव्या हाताने बदलायचं, म्हणजे सगळे पाऊच उजवीकडे हवेत, गोळ्यांची टोकंही उलटी. दलात बहुतेक उस्ताद डावखुऱ्याला उजव्या खांद्यावर शिकवतात. रिकामी पुंगळी उजवीकडून उडते, डाव्या खांद्यावर रायफल असली की ती तोंडासमोरून जाते. पण हवालदारांच्या पार्टीत एक डावखुरा होता, त्याचा नेम सगळ्यांत पक्का, आणि कमांडरने त्याला तसंच राहू दिलं होतं. मामांनी टेलरला बोलावून पाऊचच्या पट्ट्या उसवून उजवीकडे लावून घेतल्या. पोरगा चालून आला.

“मामा, आता पाण्याची बाटली हाताखाली येते.”

“मंग बाटली सरकव.”

“सरकवली तर पिट्टूच्या पट्ट्यात अडकते.”

टेलरने सुई परत ओवली.